उलटी झालीच, तर पुढे काय?

पत्र:

ताई,
मी एकोणतीस वर्षांची आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. नाशिकला सिडकोत राहते, सातपूरला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी करते. कामावर स्कूटीने जाते, त्यात काही त्रास नाही. पण बस, ट्रेन किंवा दुसऱ्या कुणाची गाडी म्हटलं की पोटात गोळा येतो. आठवीत असताना सहलीहून परतताना एसटीत मला उलटी झाली. पुढच्या सीटवरच्या मुलीच्या वेणीवर उडाली. सगळी बस हसली, बाई ओरडल्या. तेव्हापासून आजपर्यंत मला एकदाही उलटी झालेली नाही, तरी प्रवासात चारचौघांत होईल या भीतीने मी अर्धमेली होते. कुठे जायचं ठरलं की आदल्या रात्रीपासूनच मळमळतं. मग जेवतच नाही. पर्समध्ये दोन कॅरीबॅग, कापलेलं लिंबू, आवळा सुपारी, ओले टिश्यू, एक जादा कुर्ता आणि उलटीच्या गोळ्यांची स्ट्रिप कायम असते. सिटीलिंकच्या, म्हणजे शहरातल्या बसमध्येही मी अर्धी गोळी घेऊन चढते. नवरा बरोबर असेल तर त्याला दर पाच मिनिटांनी विचारते, "मला काही होणार नाही ना?" मागच्या महिन्यात मुंबई नाक्यालाच उतरले आणि रिक्षाने घरी आले.
आता सासूबाईंना चैत्रोत्सवात सप्तशृंगी गडावर जाऊन देवीची ओटी भरायची आहे. याआधी दोनदा मी पाळीचं कारण सांगून टाळलं. मळमळतं म्हटलं की त्या डोळे चमकवून विचारतात, "काही बातमी आहे का?" खरं सांगायचं तर बाळाचा विचारही मी याच भीतीने पुढे ढकलतेय, आणि हे नवऱ्यालाही माहीत नाही. मी वेडी आहे का? एखादी चांगली गोळी सांगा. आणि मला 'तू'च म्हणा.
– एक सून, सिडको

उत्तर:

वेडी नाहीस. उलटीची अशी भीती असणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात. ती बोलत नाहीत म्हणून कळत नाही, इतकंच. मानसोपचारात या भीतीला एमेटोफोबिया असं नाव आहे. ती बहुतेकदा लहानपणीच सुरू होते, बायकांमध्ये जास्त आढळते, आणि गंमत म्हणजे ज्यांना ती असते त्यातल्या अनेकांना वर्षानुवर्षं उलटी झालेलीच नसते. तुझंही तेच आहे. आठवीनंतर एकदाही नाही. एवढा पुरावा हातात असून मन शांत होत नाही, यावरूनच ओळख की पुराव्याने ही भीती जात नसते. म्हणून "अगं, काही होणार नाही तुला" असं मी म्हणणार नाही. ते तुझा नवरा दर पाच मिनिटांनी म्हणतोच आहे. किती उपयोग झाला?

गोळीचं सांगते, पण थोड्या वेळाने.

आधी दोन त्रास वेगळे करू, कारण तुझ्या पत्रात ते एकात एक मिसळलेत. गाडी लागणं ही कानाची भानगड आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारा अवयव असतो. गाडी घाटात वळणं घेऊ लागली की आपण हलतोय हे त्याला कळतं. आपले डोळे मात्र मोबाइलवर नाहीतर पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात, आणि तिथे काहीच हलत नसतं. मेंदूला मिळणाऱ्या या दोन खबरी जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण त्याला आधी दिसतं आणि अंग त्याप्रमाणे तयार असतं. तुला स्कूटीवर काही होत नाही, त्यातही हे कारण आहेच. हा त्रास शाळकरी वयात सगळ्यात जास्त असतो आणि मोठेपणी बऱ्याच जणांचा कमी होतो. आठवीतल्या त्या सहलीत तुला बहुधा सरळसरळ गाडी लागली होती. वर सहलीचं अरबट-चरबट खाणं, मागची सीट, बसमधली गाणी आणि दंगा.

आता तुला जे होतं ते बघ. आदल्या रात्री, घरात, पलंगावर पडल्या पडल्या मळमळतं. पलंग काही वळणं घेत नाही. म्हणजे ही मळमळ भीतीची आहे. ती खोटी आहे असं मात्र नाही. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं काम मंदावतं, श्वास वरवरचा होतो, घशात आवंढा येतो, आपण नकळत हवा गिळत राहतो. त्यात तू जेवलेली नसतेस, म्हणजे रिकाम्या पोटात ॲसिड. एवढं सगळं जमल्यावर कुणालाही ढवळेल. मग ढवळलं की तुला वाटतं, बघ, आता होणार. त्याने आणखी घाबरतेस, आणखी ढवळतं. पण भीतीने मळमळ कितीही झाली तरी त्यातून प्रत्यक्ष उलटी क्वचितच होते. उलटी घडवून आणणारी केंद्रं मेंदूच्या तळाशी असतात. पोटातलं विष किंवा संसर्ग, आतल्या कानातला गोंधळ, काही औषधं, गरोदरपणातले बदल अशा कारणांनी ती चाळवतात. नुसतं तुला वाटलं म्हणून ती सहसा चालू होत नाहीत, आणि तू मूठ आवळून धरलीस म्हणून बंदही पडत नाहीत.

(एकदा घरच्या डॉक्टरांना दाखवून घे. ॲसिडिटी, अर्धशिशी, कानाचा त्रास यातलं काही असेल तर ते आधी निस्तरायला हवं. वजन उतरत असेल तर नक्कीच.)

आता तुझ्या पर्सकडे वळते.

तुझी यादी मी दोनदा वाचली. कॅरीबॅग दोन, म्हणजे एक फाटली तर दुसरी. लिंबू कापलेलं, म्हणजे ऐनवेळी वेळ जायला नको. जादा कुर्ता. अर्धी गोळी. तू एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखी सिटी बसमध्ये चढतेस, आणि ती बस सिडकोतून निघून शालिमारला जात असते. ही सगळी तयारी आपल्याला वाचवते असं तुला वाटतं. माझ्या मते तुझी भीती इतकी वर्षं टिकली ती या तयारीच्याच जिवावर. बघ ना, बस सुखरूप पोचते आणि तुझं मन श्रेय देतं लिंबाला, गोळीला, उपाशी पोटाला. "लिंबू नसतं तर काय झालं असतं?" हा प्रश्न मागे उरतोच. दारात आलेल्या मांजराला रोज वाटीभर दूध घातलं की ते रोज ठरल्या वेळी येऊन बसतं, आणि वर आपणच म्हणतो, हे जातच नाही कसं! मुंबई नाक्याला उतरलीस तेव्हा तर तू अख्खं पातेलं समोर ठेवलंस. भीती अगदी शिगेला असताना उतरलीस, उतरताच मोकळं वाटलं, आणि मनाने धडा घेतला की उतरलो म्हणून वाचलो. तू बसूनच राहिली असतीस तर थोड्या वेळाने भीती आपली आपणच उतरू लागली असती. ती किती वेळ चढती राहील आणि कुठे पोचून ओसरेल, हे तू आजवर पाहिलेलंच नाहीस. दरवेळी त्याआधीच काहीतरी करतेस.

तेव्हा पर्स रिकामी करायची, पण एकदम नाही. एकदम केलीस तर दोन दिवसांत सगळं परत भरशील.

सुरुवात नवऱ्याला विचारण्यापासून कर, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि ते आज रात्रीपासून जमेल. त्याला हे पत्र आणि उत्तर दोन्ही वाचायला दे. तू "काही होणार नाही ना?" विचारलंस की त्याने ना "नाही" म्हणायचं, ना "हो". "माहीत नाही, बघू या" एवढंच म्हणायचं आणि दुसरा विषय काढायचा. सुरुवातीला तुला त्याचा राग येईल. त्याला आधीच सांगून ठेव की राग येणार आहे, म्हणजे तो बिचारा घाबरून पुन्हा "नाही गं" वर येणार नाही. त्यानंतर शहरातल्या बससाठीची अर्धी गोळी बंद. मग लिंबू. मग कुर्ता. उपाशी निघणं तर लगेच थांबव. निघायच्या तासभर आधी पोळी-भाजी, मऊ भात, दोन इडल्या, असं काहीतरी हलकं पोटात असू दे. तर्री मारलेली मिसळ खाऊन घाटात जा असं मी म्हणत नाही, तो प्रकार निधड्या छातीच्या नाशिककरांनीही परतीच्या वाटेवर ठेवावा.

कॅरीबॅगबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. एक पिशवी पर्सच्या तळाशी घडी घालून असली तर असू दे. लहान मूल घेऊन प्रवास करणारी कुठलीही बाई ती ठेवते. हातात धरून बसायची नाही, आणि आहे ना, आहे ना म्हणून चाचपून बघायची नाही.

तुझ्या डोक्यात जो सिनेमा चालतो तो कुठे संपतो ते कधी पाहिलंस का? बहुतेकांचा उलटी झाली या क्षणीच तुटतो. सगळे बघताहेत, आणि पडद्यावर अंधार. पुढचं कुणी पाहतच नाही. म्हणून पुढचं मी सांगते. गडाच्या एसटीने मी जाते-येते, घाटात हे नेहमीच दिसतं. नांदुरी सोडून गाडी चढाला लागली की तिसऱ्या-चौथ्या वळणावर कुणीतरी तोंडाला पदर लावतं. शेजारचा माणूस न बोलता उठून खिडकीची जागा देतो. कुणीतरी ओरडतं, "ओ मास्तर, पिशवी हाय का?" पिशवी येईपर्यंत व्हायचं ते झालेलं असतं, थोडं खिडकीबाहेर, थोडं पत्र्यावर. मागून एक आजी लवंग पुढे पाठवते, ती चार हातांतून फिरत येते. कुणी पाण्याची बाटली देतं. एखादी बाई नाकाला रुमाल लावून तोंड फिरवते, हेही होतं, खोटं कशाला सांगू. ड्रायव्हर जरा हळू घेतो. आणि पाचेक मिनिटांत कंडक्टर आणि एका मावशींचं सुट्ट्या पैशांवरून जे जुंपतं, त्यात अख्ख्या गाडीला उलटीचा विसर पडतो. ज्याला झाली तो मात्र ताजातवाना होऊन बाहेर बघत असतो, कारण उलटीनंतर बरं वाटतं. तुझ्या सिनेमात ही रीळ नाहीच.

आठवीत सगळे हसले हे खरं आहे. तुला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार, आणि बाई ओरडल्या ते तर चुकलंच. पण हसणारी ती पोरं तेरा वर्षांची होती. आज तू ज्या बसमध्ये चढतेस त्यात पाळीचा त्रास असलेली, दमलेली, दोन शिफ्टच्या मधली मोठी माणसं असतात. त्यांच्या समोर तू पुन्हा तेराची होतेस, इतकंच.

घरी करायचं एक काम. वही घे आणि 'मला बसमध्ये उलटी झाली' हा प्रसंग आज घडल्यासारखा लिहून काढ. कोणती बस, कोणता रंग, कोण शेजारी, काय खाल्लं होतं, कुठे उडालं, वास कसा आला. आणि झाल्यावर थांबायचं नाही. पुढची दहा मिनिटं, घरी पोचणं, कुर्ता भिजत घालणं, रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशीचं ऑफिस, सगळं लिहायचं. मग रोज मोठ्याने वाचायचं. पहिल्या दिवशी घाम फुटेल. कंटाळा येईपर्यंत वाच, आणि कंटाळा येतो. आलेला कंटाळा ही चांगली खूण आहे.

दुसरं काम फुगडीचं. हसू नकोस. नणंद असेल तर तिच्याशी, नसेल तर एकटीच गच्चीवर गरगर फीर. डोकं फिरू दे, पोटात ढवळू दे, मग थांब आणि काहीही करू नकोस. लिंबू हुंगायचं नाही, पडून राहायचं नाही, पाणीसुद्धा नाही. उभ्या उभ्या बघायचं की हे किती वेळाने उतरतं. मळमळ मुद्दाम बोलावली की तिचा दरारा कमी होतो. (कानाचा किंवा मानेचा त्रास, फिट येणं, ब्लड प्रेशर किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.) मानसोपचारतज्ज्ञांकडे याच्या पुढच्या पायऱ्या असतात. चित्रं बघणं, आवाज ऐकणं, आणि खोटी उलटी तयार करून ती पुसणं. ताकात भिजवलेले पोहे आणि त्यात गाजराचा कीस घातला की हुबेहूब साधतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण करणारी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला हसायला लागतात.

आणि मग बस. निमाणीला जा आणि उभ्या असलेल्या सिटीलिंकमध्ये नुसती बसून ये, सुटायच्या आत उतर. हे एवढंच उतरणं माफ. पुढच्या वेळी चढलीस की ठरवलेल्या थांब्यापर्यंत जायचंच, आधी जवळचा थांबा, मग लांबचा. सुरुवातीला दुपारची रिकामी बस, मग संध्याकाळी ऑफिस सुटायची गर्दीची. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीसारखी तुझी ठरलेली जागा असेल, तर ती एखाद्या आठवड्यात सोड आणि मधे उभी राहा. द्वारका चौकात बस अडकली तर वैतागू नकोस, ना पुढे ना मागे अशी बस तुला सरावाला फुकटात मिळाली आहे. शहर जमलं की त्र्यंबकेश्वर. तिथपर्यंत सिटीलिंकही जाते, रस्ता बराचसा सरळ आहे, आणि तीसेक किलोमीटर म्हणजे भीती चढून उतरायला भरपूर वेळ. एका पायरीवर दोन-तीनदा गेल्यावर जीव रमायला लागला की वर सरकायचं. एखाद्या दिवशी अगदी घाण वाटेल, मागचं सगळं वाया गेलं असं वाटेल. तेव्हा एक पायरी खाली ये, पण घरी बसू नकोस. सरावाच्या दिवशी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, ठरवलेल्या थांब्यापर्यंत बसले का? मळमळलं की नाही याची नोंद ठेवायची गरज नाही, ते मळमळणारच आहे.

बसमध्ये भीती चढू लागली की काय करायचं? फार काही नाही. श्वास सोडताना सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू दे. पोटाला "नको, नको" म्हणत बसू नकोस. "येतेय तर ये" म्हण. मोबाइल खाली ठेव आणि बाहेर लांबवर बघ. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहेच डोळ्यासमोर.

सासूबाईंचं बोलते. पाळीचं कारण दोनदा चाललं, तिसऱ्यांदा चालणार नाही, आणि चाललं तरी तुझ्या मानेवर ओझं वाढेल. त्यांना हे तू नको सांगूस, नवऱ्याला सांगू दे, तू बाजूला बस. अगदी साध्या शब्दांत: "आई, हिला प्रवासात उलटीची फार भीती वाटते. लहानपणी एकदा फजिती झाली होती. त्यावर उपाय चालू केलाय. गडावर जायचंच आहे, पण यात्रेच्या गर्दीत नको." देवीला टाळतेय हा संशय यातून निघून जाईल. त्या म्हणतीलही की आमच्या वेळी नव्हती असली थेरं. म्हणू देत. कदाचित त्याच वाक्यानंतर आपल्याला घाटात काय काय झालं होतं तेही सांगत बसतील. बऱ्याच सासवा सांगतात.

आणि बाळाबद्दल. तुझ्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तू शेवटी, जाता जाता लिहिलीस. या भीतीपायी मूल लांबवणाऱ्या बायका खरंच असतात, तू एकटी नाहीस. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, मळमळ पुष्कळ जणींना होते. काहींना उलट्या होतात, काहींना नुसतं मळमळतं, आणि काहींना त्यातलं काहीच होत नाही. त्यावर वापरली जाणारी औषधं आहेत, डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्व एकत्र असलेली गोळी आपल्याकडेही सर्रास देतात. पण ते सगळं पुढचं. आधी हे नवऱ्याला सांग. मूल हवं की नको, कधी हवं, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे; ते आज भीती एकटीच ठरवतेय आणि त्याला पत्ताच नाही. जेव्हा विचार कराल तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत या भीतीची कल्पना दे. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायला हवं असंही नाही.

हे सगळं एकटीने जमत नाही असं वाटलं, जेवण फारच कमी झालं, वजन घटलं, किंवा घराबाहेर पडणंच बंद होऊ लागलं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. वर्तनाच्या सरावावर आधारलेली कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या भीतीवर चालते. काही महिने आठवड्याला जावं लागतं, आणि त्यात नुसत्या गप्पा नसतात, असाच गृहपाठ असतो. नुसतं बोलून "सकारात्मक विचार करा" सांगणारं कुणी भेटलं तर दुसरीकडे जा. काही वेळा मनोविकारतज्ज्ञ चिंतेवरची गोळीही देतात. त्यातल्या काही गोळ्यांनी सुरुवातीला मळमळतं, आणि चिठ्ठीवर तेवढं वाचून तुझ्यासारखी माणसं औषध न घेताच ड्रॉवरमध्ये टाकतात. डॉक्टरांना आधीच सांग, कमी मात्रेपासून सुरू करता येतं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता ती गोळी. एव्होमिनसारख्या गोळ्या गाडी लागण्यावरच्या आहेत, त्या निघायच्या आधी तास-दोन तास घ्यायच्या असतात, एकदा ढवळायला लागल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यांनी गुंगी येते, म्हणून घेतलेल्या दिवशी स्कूटी चालवायची नाही. सिटी बससाठी अर्धी खाऊन दिवसभर डुलक्या काढण्यात काय हशील? ऑन्डान्सेट्रॉनची स्ट्रिप हल्ली घरोघरी असते. ती पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर ठीक, गाडी लागण्यावर मात्र तिचा विशेष फायदा होत नाही. खऱ्या घाटासाठी, डॉक्टरांना विचारून, एखादी गोळी घ्यायला माझी हरकत नाही. दिवस गेल्याची शक्यता असेल तर कुठलीच गोळी मनाने घेऊ नकोस.

राहिला गड. चैत्रोत्सवात जाऊ नकोस, हे मी भीतीमुळे सांगत नाही. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीनेच जावं लागतं, उभं राहून, घामाच्या गर्दीत. पहिल्याच खेपेला ते कशाला? वैशाखातला एखादा साधा वार ठरव, मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून, आणि तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिही, सासूबाईंना सांग. तारीख नसलेलं पुढे ढकलणं म्हणजे पुन्हा पाळीचंच कारण. त्याआधी एकदा तू आणि नवरा दोघंच दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत जा, चहा घ्या आणि माघारी या. जमलं तर लगेच पुढच्या खेपेला वर.

ठरल्या दिवशी सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत. काहीतरी खाऊन निघ. गाडीत पुढे बस, खिडकी थोडी उघडी, नजर वळणावर. सासूबाईंना मागे बसवायला संकोचू नकोस, त्यांना कारण माहीत आहे. नांदुरीपासून वर दहा किलोमीटरच्या आसपास घाट आहे, त्यात ढवळेल, कदाचित खूप ढवळेल. गाडी थांबवायची झाली तर थांबवा, पण तोंड वरच्या दिशेनेच राहू दे. उलटी झालीच तर चूळ भर, तोंड पूस, दोन घोट पाणी पी आणि गाडीत बस. वर पोचल्यावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत, चढवत नसतील तर ट्रॉली आहे. ओटीचं सामान वर दुकानांत मिळतं, पण सासूबाई घरूनच नेतील. मांडीवर घ्यायला ती पिशवी मागून घे, हातांना काम मिळेल.